काढलेला भाग टाकायचा नाही

९ जानेवारी

मामा,

‘आदरणीय मामा, आपण’ अशी सुरुवात करून एक कागद आधीच वाया घालवला आहे. आईने मागून डोकावून वाचलं आणि म्हणाली, "आपण कोण? खांद्यावर बसवून हिंडवलंय त्याने तुला. सरळ तू लिही." तेव्हा सरळ तू. मी तुझी पक्कड. तुझं बोट एकदा धरलं की सोडायची नाही म्हणून तू ठेवलेलं नाव. तू गेलास तेव्हा सात वर्षांची होते, आता तिशीला आले आहे आणि दातांच्या कवळ्या बनवते. डॉक्टर साचे पाठवतात, मी दात पाठवते. दिवसभर पक्कड हातात असते, म्हणजे तुझं नाव ठेवणं वाया गेलं नाही.

काम असं आहे की मी गेमचं एक जुनं मशीन घरी आणलं आहे. नाणं टाकून उभ्याने खेळायचं असतं तसलं, कपाटाएवढं. एका गोदामात भिंतीकडे तोंड करून उभं होतं. गोदाम रिकामं करणाऱ्या बाई म्हणाल्या, नेणार असाल तर न्या, नाही तर भंगारात जाईल. आई एरवी घरात एक जादा खुर्ची येऊ देत नाही. याला मात्र "आणू या" म्हणाली, तेही दोनदा.

मशीन सुरू होतं, पण दुखणी बरीच आहेत. चित्र आधी थरथरतं आणि दहा मिनिटांत मधोमध बसकण मारतं. आवाजाच्या जागी घूं असं काहीतरी येतं. दांडा उजवीकडे, वर, खाली जातो. डावीकडे ढकलला की ढिम्म. प्लग जुनाट होता, तीनपैकी एक पाय नव्हता, तो कोपऱ्यावरच्या टीव्हीवाल्याकडून बदलून घेतला. मागची फळी काढून पाहिलं तर आत एक अख्खं गाव आहे. पडद्याच्या काचेमागे एक पाटी आहे, तिच्यावर औषधाच्या कुप्यांएवढ्या निळ्या नळ्या उभ्या आहेत. काहींची डोकी फुगली आहेत, एकीच्या बुडाशी तपकिरी चिकट डाग आहे. हे काय असतं? किडलेल्या दाढा मी ओळखते, हे ओळखता येत नाही.

फोन करते म्हटलं तर आई म्हणाली, मशीनं दुरुस्त करायचा त्या गेमच्या हॉलच्या गोंगाटाने त्याचे कान गेलेत, पत्र लिही आणि चित्रं काढ. पत्ता तिच्याकडे होता. तीन चित्रं सोबत आहेत. हसू नकोस.

आई बरी आहे. उजव्या हाताची दोन बोटं तशीच, वाकत नाहीत. बाकी तोंड पूर्ण चालतं.

तुझी पक्कड


१४ जानेवारी

पक्कड,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. चित्रं बघून हसलो नाही, एकदाच हसलो. दांड्याचं चित्र तू उलटं काढलं आहेस.

आधी नियम. ते वाचून पाठ केल्याशिवाय मशीनला बोट लावायचं नाही. एक, काम करताना प्लग भिंतीतून काढलेला आणि तुझ्या डोळ्यांसमोर टेबलावर ठेवलेला असला पाहिजे. बटण बंद केलं म्हणजे वीज बंद झाली असं समजणारे लोक मी पाहिले आहेत. दोन, प्लग काढल्यावरही एक दिवस थांब. तीन, आत हात घालताना दुसरा हात खिशात. खिसा नसेल तर शिवून घे. दोन्ही हात आत गेले की वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडते. चार, काचेच्या पोटाला मागून एक रबरी टोपी चिकटलेली दिसेल. तिच्या वाटेला जायचं नाही. मशीन बंद असलं तरी ती डूख धरून असते. तुझ्या त्या टीव्हीवाल्याचे केस पांढरे असतील तर त्याला बोलावून ती उतरवून घे. काळे असतील तर दुसरा शोध.

आता तुझ्या निळ्या नळ्या. ते कंडेन्सर, वीज साठवून धरणारे. डोकं फुगलं म्हणजे गेला, बुडाशी ओल आली म्हणजे तोही गेला. चित्र बसकण मारतं आणि आवाज घूं करतो, दोन्ही त्यांच्याचमुळे. प्रत्येकाच्या अंगावर दोन आकडे छापलेले असतात. पहिला तंतोतंत जुळला पाहिजे. दुसरा व्होल्टचा, तो मोठा चालेल, लहान अजिबात नाही. एका अंगाला पांढरा पट्टा असतो, ती उणी बाजू. काढण्याआधी पट्टा कुठे होता ते लिहून ठेव. उलटा बसवलास तर तोंडावर फुटेल. फुगलेले तेवढेच बदलून गप्प बसू नकोस, त्या पाटीवरचे सगळे बदल. एकाच वयाचे आहेत, आज ना उद्या जाणारच.

दांड्याचं सांगता येत नाही. त्याच्या खाली एकतर पितळी पत्त्या असतात, नाही तर छोट्या काळ्या डब्या, दाबल्या की टिक वाजणाऱ्या. कोणत्या आहेत ते कळव.

आणि शेवटचं, आम्ही सगळे पाळायचो ते. काढलेला भाग टाकायचा नाही. कागदी पिशवीत घालायचा, वर तारीख आणि काय बदललं ते लिहायचं, आणि पिशवी मशीनच्या आतच टाचून ठेवायची. पुढे जो दार उघडेल त्याला आधीच्याने काय केलं ते कळलं पाहिजे. तुझ्या टीव्हीवाल्याकडून तो जुना प्लगही मागून घे. टाकला असेल तर त्याला माझ्यातर्फे ओरड.

इथे मी बियाण्यांच्या कोठारात फाटकावर बसतो. गाड्या येतात, गाड्या जातात, मी वहीत लिहितो. तेवीस वर्षांत मला कोणी कंडेन्सरबद्दल विचारलं नव्हतं.

तुझ्या आईला, माझ्या बारकीला, तब्येत जपायला सांग.

मामा


२७ जानेवारी

मामा,

चित्र उभं राहिलं! टीव्हीवाल्याचे केस पांढरेच निघाले. त्याने टोपी उतरवून दिली, आणि मी अठरा कंडेन्सर बदलले, एक हात खिशात ठेवून. त्यांचे पाय वितळलेल्या डाखाने पाटीला जोडताना मात्र दोन हात लागतात, तेव्हा पाटी बाहेर काढून माझ्या कामाच्या टेबलावर घेतली. भिंग, दिवा, बारीक चिमटे सगळं तिथे आहेच. एकही उलटा बसला नाही. दुसऱ्या दिवशी सुरू केलं तर पडदा लख्ख, आणि आतून असं संगीत वाजलं की आई स्वयंपाकघरातून हात न पुसताच आली. उभी राहिली. मग म्हणाली, "आवाज कमी कर," आणि गेली.

जुना प्लग मिळाला. टीव्हीवाल्याच्या खोक्यात पडला होता, टाकणं त्याच्या रक्तातच नाही. पिशवीत घालून तारीख लिहिली.

आणि आता ऐक. पिशवी टाचायला जागा शोधत होते, तर आत आधीच पाच पिशव्या टाचलेल्या! पिवळट पडलेल्या, प्रत्येकीवर तारीख, भागाचं नाव, आणि खाली ‘टि.’ आई म्हणते तुला हॉलमध्ये सगळे टिचकी म्हणायचे, कारण तू मशीनला आधी टिचकी मारून ऐकायचास आणि मगच उघडायचास. मामा, हे तुझं मशीन आहे! तुझ्या हाताखालून गेलेलं! नाण्यांचं दार पिवळ्या रंगाचं आहे, खालच्या कोपऱ्यात पोचा आहे. आठवतं का? आत जिथे जिथे स्क्रूखाली तार आवळली आहे तिथे तिथे डाळिंबी रंगाचा ठिपका आहे, नेलपेंटसारखा. हे काय ते मात्र कळलं नाही.

दांड्याखाली काळ्या डब्या आहेत. डावीकडची टिक वाजत नाही. तसली इथे कुठे मिळत नाही, म्हणून तिचा साचा घेतला आहे, दातांचा घेतो तशा मेणात. सोबत पाठवते. माप, भोकं, पाय, सगळं नीट उमटलं आहे. सांग कोणती ते.

कधी एकदा तुझं उत्तर येतं असं झालं आहे.

पक्कड


१ फेब्रुवारी

पक्कड,

मशीन बंद कर. प्लग काढ. मागची फळी लाव आणि जिथून आणलंस तिथे परत दे. ते घेत नसतील तर भंगारात जाऊ दे. पिवळ्या दाराला हात लावायचा नाही, आईला तर त्याच्या आसपासही फिरकू देऊ नकोस.

कारण विचारू नकोस.

मामा


१० फेब्रुवारी

मामा,

विचारणार. तू मला पक्कड म्हणतोस आणि सोडून दे म्हणतोस, हे जमायचं नाही.

खरं सांगते, पत्र वाचून आधी राग आला. वाटलं, म्हाताऱ्याला आपलं जुनं मशीन दुसऱ्याच्या हातात बघवत नाही. तसंच आईला म्हटलं. तिने हातातलं काम खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच मला सगळं सांगितलं. मला आजवर एवढंच माहीत होतं की तिची बोटं ‘कामावर’ गेली.

ती तुझ्याच हॉलमध्ये टोकनं विकायची. त्या दिवशी याच मशीनमध्ये टोकन अडकलं होतं. तू पलीकडच्या रांगेत होतास, म्हणून ती स्वतः किल्ली घेऊन दार उघडायला गेली. किल्लीला हात लागला आणि हात सुटेना. तू धावत आलास आणि वायरला हिसडा मारून प्लग उपटलास. ती पडली, मनगट मोडलं, बोटांतली ताकद गेली ती गेलीच. तू तिला उचलून दवाखान्यात नेलंस. प्लास्टर घालेपर्यंत उशाशी होतास. आणि आठवड्याभरात गाव सोडून गेलास.

मामा, ती काय समजून बसली आहे ते तुला कळायलाच हवं. ती म्हणाली, "हात मोडका झाला आणि दादाने पाठ फिरवली. आता ही जन्मभर आपल्या गळ्यात पडणार असं वाटलं असेल त्याला." हे तिने रडून सांगितलं असतं तरी मला सोसलं असतं. तिने ते आज हवा बरी आहे म्हणावं तसं सांगितलं.

तिला मी म्हटलं, असा माणूस मला ‘खिसा शिवून घे’ असं लिहिणार नाही. खरं काय ते आता तूच लिही. मशीन परत देणार नाही. पिवळ्या दाराला हात लावलेला नाही, एवढं तुझं ऐकलं आहे.

पक्कड


३ मार्च

पक्कड,

तीन आठवडे झाले. रोज कागद घेतो आणि फाटकावर गाडी आली की सुटल्यासारखा उठतो. आज सुट्टी आहे, गाडी येणार नाही, म्हणून लिहितो.

बारकी असं समजते हे मला माहीत नव्हतं. तिला सांग, पाठ फिरवली नाही. तोंड दाखवायला जागा नव्हती.

त्या मशीनच्या पिवळ्या दाराला एक हिरवी तार असते, अर्थिंगची. तिचं काम एकच. वीज चुकून दाराच्या पत्र्यात उतरली तर ती या तारेने, प्लगच्या जाड पायातून जमिनीत जायची, मशीनचा फ्यूज उडायचा, माणसाला काही होत नसे. त्या दुपारी मी ते दार उतरवलं होतं, आतलं साफ करायला. दार उतरवायचं तर हिरवी तार सोडावी लागते. मी दार परत बसवलं. तेवढ्यात पलीकडून हाक आली, मी गेलो. आणि मला आठवत नाही. तार परत जोडली की नाही ते आठवत नाही. त्या एका मिनिटाच्या जागी माझ्या डोक्यात भोक आहे.

दवाखान्यातून हॉलवर परत आलो तेव्हा हॉलवाल्यांनी, आमच्या मालकांनी, मशीन भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. म्हणाले, "हिरवी तार लोंबत होती टिचकी, मी डोळ्यांनी पाहिली. बाहेर बोलू नकोस, मीही बोलणार नाही." मी दार उघडून बघायला हवं होतं. बघितलं नाही. हिंमतच झाली नाही. बघून काय दिसणार होतं? त्यांनी सांगितलंच होतं.

मी माझ्या बहिणीचा हात घालवला, पक्कड. इतकं साधं आहे. हॉलमध्ये मी सगळ्यांना नियम शिकवायचो. रोज तिच्यासमोर बसून तिची ती दोन बोटं बघायची आणि तिने मला चहा करून द्यायचा, ते माझ्याच्याने झालं नसतं. म्हणून गेलो. ती विचारील म्हणून पत्रही टाकलं नाही. तुझं पत्र आलं तेव्हा वाटलं, हे तर नुसतं मशीनबद्दल आहे, याला उत्तर देता येईल.

आता तिला हे वाचून दाखव. मग ती म्हणेल ते मला मान्य आहे.

मामा


९ मार्च

मामा,

हे पत्र उभं राहून वाचत असशील तर बस.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दार उघड." प्लग आदल्या दिवसापासून टेबलावर होता. एक हात खिशात. आई माझ्यामागे बॅटरी धरून उभी होती. तिला आसपास फिरकू देऊ नकोस म्हणाला होतास. ती ऐकणाऱ्यातली आहे का, तूच सांग.

मामा, हिरवी तार जोडलेली आहे.

नीट वाच. जोडलेली आहे. स्क्रूखाली, वॉशरसकट, घट्ट. आणि वर डाळिंबी ठिपका आहे. मी भिंग लावून पाहिलं, माझं रोजचं कामच आहे, दाताला केसाएवढी चीर गेलेली मला दिसते. ठिपका स्क्रूच्या डोक्यावरून वॉशरवर आणि वॉशरवरून पत्र्यावर असा सलग गेला आहे. कुठेही तडा नाही. म्हणजे तो लावल्यानंतर स्क्रू एकदाही फिरलेला नाही, ना कोणी सोडला, ना नंतर कोणी जोडला. आई बॅटरी धरून म्हणाली, "हा माझा रंग आहे." तू तिचं नेलपेंट न्यायचास म्हणे, आवळलेला स्क्रू ढिला झाला तर ठिपका तडकून कळावं म्हणून. आणि तिला आठवतं की त्या दुपारी तू बाटली परत आणून दिलीस ती झाकण अर्धवट लावून, आणि ती टोकनांच्या खणात सांडली. ती तुझ्यावर ओरडली होती. तुला हेही आठवत नाही का?

मग वीज दारात आली कशी, आणि गेली का नाही? पहिलं सापडलं. दारातल्या छोट्या दिव्याची तार बिजागरीजवळ घासून आतलं तांबं दिसतंय, समोर पत्र्यावर काळा डाग आहे. दुसऱ्यासाठी मी डोकं खाजवत बसले होते. मग तुझं वाक्य आठवलं, ‘प्लगच्या जाड पायातून जमिनीत.’ पिशवी उघडली. मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं होतं, एक पाय नव्हता. नाही तो जाड पायच, मामा. आणि तो पडलेला नाही, कापलेला आहे. करवतीच्या रेघा भिंगाखाली अशा स्वच्छ दिसतात की आज कापला म्हणावं.

मी आईला म्हटलं, कोणी कापला असेल गं? ती भिंतीला टेकली. मग सावकाश सांगू लागली. त्या संध्याकाळी, टोकन अडकण्याच्या थोडं आधी, हॉलवाल्यांनी मशीन जागेवरून हलवून दाराशी आणलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावं म्हणून. तिथल्या भिंतीत दोनच भोकांचा सॉकेट होता. ते करवत घेऊन तिच्या टोकनांच्या टेबलाशीच काहीतरी कापत होते. तिला तेव्हा वाटलं किल्ली वगैरे असेल. टेबलावर पितळेचा भुगा पडला होता, तो तिने फडक्याने पुसून घेतला. "माझ्याच हाताने पुसला गं," म्हणाली. तू तेव्हा पलीकडच्या रांगेत मशीनच्या पोटात डोकं घालून होतास. तुला कोणी सांगितलं नाही. तिला कोणी विचारलं नाही.

हॉलवाले आता नाहीत. गोदाम रिकामं करणाऱ्या बाई म्हणजे त्यांची मुलगी. म्हणाल्या, वडील ते मशीन कोणाला उघडू देत नसत आणि टाकूही देत नसत.

आणखी एक कबुली, आईची. गोदामात मशीन वळवल्यावर पिवळं दार तिने बघताक्षणी ओळखलं होतं. घरी येताना मला म्हणाली, "माणसाच्या पत्राला दादा उत्तर द्यायचा नाही. मशीनचं दुखणं लिही, पुढच्याच टपालाने उत्तर येईल." आलंच ना?

प्लग या पार्सलमध्ये पाठवते आहे. स्क्रू मात्र काढून पाठवणार नाही, काढला तर ठिपका मोडेल. तो बघायचा तर तुलाच यावं लागेल.

पक्कड


१५ मार्च

पक्कड,

प्लग मिळाला. दिवसभर खिशात घेऊन फिरतोय. फाटकावरच्या लोकांना वाटतं मला काहीतरी बक्षीस लागलंय, कारण मी येणाऱ्या प्रत्येक गाडीला सलाम ठोकतोय.

आधी कामाचं बोलतो. घासलेली तार माझ्या नजरेतून सुटली, तो दोष माझा आणि तो मी कोणाला देणार नाही. दार बसवताना बिजागरीकडे बघायला हवं होतं. पण अर्थिंग जागेवर असतं तर मशीनचा फ्यूज उडाला असता, बारकीला नुसता दचका बसला असता, आणि मी ती तार दहा मिनिटांत बदलली असती. जाड पाय कापणारा माणूस त्याच रात्री माझ्यासमोर उभा राहून म्हणाला की तार लोंबत होती. त्याला शिव्या देण्यासाठी मी सकाळपासून शब्द शोधतोय. सापडत नाहीत, कारण खरं सांगू का, राग येतच नाही. हलकं वाटतंय. इतकं हलकं की फाटक लावायचं विसरलो आणि एक म्हैस आत आली.

एक प्रश्न मात्र राहून राहून येतो. तू माझ्या समाधानासाठी तर लिहीत नाहीस ना? माझ्या बहिणीची मुलगी आहेस, लिहिशीलही. पण प्लग खोटं बोलत नाही. आणि केसाएवढी चीर दिसणाऱ्या बाईवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

बारकीला सांग, तिला गळ्यात घ्यायला मी कधी भ्यालो नव्हतो. आणि तिने भुगा पुसला यात तिचं काही नाही. टेबलावर घाण दिसली की पुसायची, ही सवय तिला मीच लावली.

तुझं मेण बघितलं. असा साचा मी आयुष्यात पाहिला नाही, डबीच्या अंगावरची बारीक अक्षरंसुद्धा उमटली आहेत. डावीकडची ती डबी बाजारात मिळणार नाही. माझ्याकडे आहे. हॉल सोडताना हत्यारं तिथेच टाकली, पण एक पत्र्याचा डबा सोबत आला होता. तेवीस वर्षं उघडला नव्हता, काल उघडला. आत अशा चार डब्या निघाल्या, चारही टिक वाजतात. माझ्या कानालाही ऐकू आलं, म्हणजे बघ.

पोस्टाने पाठवणार नाही. वाटेत हरवतात. घेऊन येतो. पुढच्या महिन्यात रजा मंजूर झाली आहे. बारकीला विचार, चहा देशील का म्हणावं.

मामा


२० मार्च

मामा,

आई म्हणते, "चहा कसला विचारतोय? जेवून जायचं म्हणावं. आणि आठ दिवसांच्या आत निघाला तर दाराला आतून कुलूप घालीन."

आज सकाळी बाजारातून येताना तिच्या पिशवीत नेलपेंटची बाटली होती. आईने मला आठवतंय तेव्हापासून नखं रंगवलेली नाहीत.

ये लवकर.

पक्कड


मशीनच्या आत टाचलेली चिठ्ठी, १२ एप्रिल

पुढे जो कोणी हे दार उघडेल त्याला,

दांड्याची डावीकडची डबी बदलली. जुनी पिशवीत आहे. पडद्यामागच्या पाटीवरचे अठरा कंडेन्सर माझ्या भाचीने बदलले, काम माझ्यापेक्षा चांगलं आहे, हात लावू नये. दारातल्या दिव्याची तार नवी घालून बिजागरीपासून लांब बांधली आहे. जुनी पिशवीत आहे.

वेगळ्या पिशवीत एक प्लग आहे. त्याचा जाड पाय कापलेला आहे. तो का ठेवला असेल असं वाटेल. राहू द्यावा.

पिवळ्या दाराची हिरवी तार तेवीस वर्षांपूर्वी जोडलेली होती. मी आज स्वतः पाहिली, माझी बहीण आणि भाची शेजारी होत्या. पाहून झाल्यावर जुना स्क्रू सोडून तार स्वच्छ केली आणि नव्या स्क्रूने परत आवळली. जुना स्क्रू मी घेऊन जात आहे. काढलेला भाग मशीनमध्येच ठेवायचा हा आमचा नियम आहे, तो मी आज पहिल्यांदा मोडत आहे.

टि.

(खाली दुसऱ्या हाताने, मोठ्या आणि तिरक्या अक्षरांत)

नव्या स्क्रूवर ठिपका मी लावला आहे, उजव्या हाताने. स्क्रूच्या बाहेर बराच पसरला आहे. दादा म्हणतो पुसून परत लाव. पुसणार नाही.

बारकी